ट्यूनरचा काटा सा आणि प मध्ये उड्या मारतो तेव्हा : तबला-पखवाज मोजून लावण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचा तबला काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) लावायचा आहे. पावसाळ्यात तो दर दोन-तीन अभंगांनी उतरतो, म्हणून मोबाइलवर गिटारचा ट्यूनर घेतला. त्याचा काटा एका ठोक्याला सी शार्प दाखवतो, पुढच्याला जी शार्प आणि मधूनच एक सप्तक खालचा सी शार्प. मग बिघडलंय काय, ॲप, तबला की कान? शिवाय पखवाजाच्या धुमाला (खर्जाच्या बाजूला) किती कणीक लावायची, हेही मोजून ठरवता येतं का?

यातलं काहीच बिघडलेलं नसण्याची शक्यता जास्त आहे. काटा दाखवतो ते तिन्ही स्वर तुमच्या तबल्यात खरोखर आहेत. गिटारच्या ट्यूनरला त्यातला कोणता धरायचा ते कळत नाही, एवढंच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'तबला कोणत्या स्वरात आहे?' हा प्रश्न दुसरा आहे, पहिला नाही. आधी विचारायचं ते 'आठही ठिकाणी तो एकाच स्वरात आहे का?' हे. पुडी (तोंडावरचं कातडं) सगळीकडे एकसारखी ताणलेली नसताना सा शोधत बसलात, तर कितीही महागडं ॲप घेतलं तरी काटा नाचणारच.

आधी स्वर कुठून येतात ते पाहू. नुसतं कातडं ताणून वाजवलं, तर त्यातून निघणारे आंशिक स्वर (एकाच ठोक्यात मिसळलेले सुटे स्वर) एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. पहिला १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३०, २.६५ असे वेडेवाकडे येतात. हलगीला ठराविक सा सापडत नाही, तो याच कारणाने. मधोमध शाई (काळा लेप) बसवली की हे आकडे सरकतात आणि १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटीच्या जवळ येतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली 'नेचर'मध्ये ही गोष्ट मांडली आणि १९३४ मध्ये ती सविस्तर लिहिली. पुडी बनवणाऱ्यांच्या हाताला मात्र ती त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होती.

आता 'ना' वाजवताना काय होतं ते बघा. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडते. टेकलेल्या बोटाने पहिला आंशिक दबतो आणि दुसरा मोकळा सुटतो. आपण तबल्याचा सा म्हणतो तो हा दुसरा आंशिक. काळी एकच्या तबल्यात तो २७७ हर्ट्झच्या आसपास असतो. तिसरा ४१५ च्या आसपास, म्हणजे बरोबर पंचम, काळी चार. चौथा ५५४ ला, म्हणजे वरचा सा. ट्यूनरने २७७, ४१५ आणि ५५४ एकत्र ऐकले की या सगळ्यांचा समान भाजक तो काढतो, १३८.६, आणि खालच्या सप्तकातला सी शार्प दाखवतो. ठोका जरा चाटेच्या टोकाला पडून तिसरा आंशिक जोरात आला, की जी शार्प. काट्याच्या उड्यांचं कोडं एवढंच आहे.

एक सावधगिरी. बोट न टेकवता 'तूं' वाजवून कधीही स्वर मोजू नका. उघड्या ठोक्यात पहिला आंशिक वर येतो आणि तो १३८.६ वर नेमका बसत नाही. चांगल्या पुडीतही तो थोडा वर, १४५-१५० च्या घरात दिसू शकतो. तो काळी एकला आणायला गेलात तर 'ना' उतरलेला राहील आणि गायक सारखा वळून तुमच्याकडे बघेल.

म्हणून काट्याचा ट्यूनर सोडा आणि आलेख दाखवणारं साधन घ्या. अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइडसारखं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप चालतं. लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी उत्तम, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण करून मग ऑडॅसिटीत तपासणार असाल, तर फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवा. फोनची 'नॉइज रिडक्शन' किंवा आपोआप आवाज वाढवण्याची सोय बंद करा. फोनला माणसाचं बोलणं स्वच्छ करायला शिकवलेलं असतं. तबल्याचा मागे रेंगाळणारा नाद त्याला गोंगाट वाटतो आणि तो नेमका तोच कापतो.

फोन कुठे ठेवायचा, यात बहुतेकांची चूक होते. पुडीच्या बरोबर वर, शाईच्या समोर धरू नका. दुसऱ्या आंशिकात पुडीची एक बाजू वर जाते तेव्हा समोरची खाली जाते, त्यामुळे मध्यावर उभ्या रेषेत दोन्हींचा आवाज एकमेकांना मारतो. म्हणजे जो सा मोजायचा, तोच तिथे सगळ्यात क्षीण ऐकू येतो. फोन ठोक्याच्या बाजूला, कडेपासून २५-३० सेंटिमीटरवर, तिरका धरा. डग्ग्यावर जाड टॉवेल टाका किंवा तो दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण तो आपण होऊन घुमतो. पंखा बंद. विजेची घरघर ५० हर्ट्झची, तिच्या पटी १००, १५०, २०० आणि ३०० लाही दिसतात. ३०० चं स्थिर शिखर तबल्याचं समजून लोक फसतात. ठोका नसतानाही जे शिखर उभंच असतं, ते तुमचं नाही.

ऑडॅसिटीत ठोक्याचा नेमका तुकडा निवडायला शिका. ठोका पडल्यावरचे पहिले ३० मिलिसेकंद सोडून द्या, त्यात नुसती टपली असते. तिथून पुढचा ०.४ सेकंद निवडा. मग 'ॲनलाइझ'मध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम', साइझ १६३८४, फंक्शन हान विंडो. ४४१०० च्या नमुना-दराला १६३८४ नमुने म्हणजे ०.३७ सेकंद, म्हणून तुकडा त्याहून किंचित मोठा हवा. लहान पडला तर ऑडॅसिटी तक्रार करते. साइझ ४०९६ ठेवलीत तर आलेखाची एकेक पायरी १०.८ हर्ट्झची होते. काळी एकला ती ६६ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही दोन-तृतीयांश. तेवढ्या जाड फुटपट्टीने तबला लागत नाही. १६३८४ ला पायरी २.७ हर्ट्झ, आणि कर्सर शिखराजवळ नेला की ऑडॅसिटी दोन पायऱ्यांमधला अंदाज घेऊन शिखर त्याहून बारकाईने सांगते. मग साइझ ६५५३६ का नको? त्याला दीड सेकंदाचा आवाज लागतो. 'ना' तेवढा वेळ टिकत नाही, शेवटी शांतताच मोजली जाते.

हिशेबासाठी एकच आकडा लक्षात ठेवा : काळी एकच्या आसपास १ हर्ट्झ म्हणजे सुमारे ६ सेंट. १०० सेंटचा एक अर्धस्वर.

तबल्याला हात लावण्याआधी पेटी मोजा. मंडळांच्या जुन्या पेट्या ४४० ला (ए स्वर ४४० हर्ट्झ, या प्रमाणाला) असतीलच असं नाही. एकच सूरमाळ (पेटीतली सुरांची रांग) चालू ठेवा, दोन्ही माळा चालू असतील तर त्या आपसात लहरतात, म्हणजे आवाज कमी-जास्त होत राहतो. भाता मध्यम आणि सारख्या दाबाने हलवा. जोर लावला की सूर किंचित उतरतो. काळी एक २७९ आली, तर तुमच्या मंडळाचा सा २७९ आहे, २७७.२ नाही. ट्यूनरच्या भाषेत ती पेटी ४४२.९ ला आहे. फरक ११ सेंटचा. एकट्याने वाजवताना तो जाणवत नाही, पण पेटीबरोबर तबला रडवा वाटतो. देवळातल्या त्याच जोडीवर आज अभंग आणि उद्या वचनगायन होणार असेल आणि पेटी बदलणार असेल, तर दोन्ही पेट्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा.

आता मुख्य काम. आठ गठ्ठ्यांना (पुडी ताणणाऱ्या चामड्याच्या वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) खडूने १ ते ८ क्रमांक द्या. तबला फिरवत प्रत्येक गठ्ठ्यासमोर 'ना' वाजवा. तुमचा हात आणि बोटांमधलं अंतर तेच, फिरायचा तो तबला. प्रत्येक ठिकाणी तीन ठोके, सारख्या मध्यम जोराचे. जोरात मारलं तर कातडं क्षणभर जास्त ताणतं आणि स्वर चढून मग उतरतो, म्हणून रागावून मारलेला ठोका नेहमी चढा दिसतो. तिन्हींतला मधला आकडा घ्या.

समजा असे आकडे आले : १ ला २७६, २ ला २७४, ३ ला २७१, ४ ला २७४, ५ ला २७६, ६ ला २७४, ७ ला २७१, ८ ला २७४. समोरासमोरच्या जोड्या सारख्या आहेत, १-५ चढी आणि ३-७ उतरलेली. हे अपेक्षितच आहे. दुसरा आंशिक पुडीच्या एका व्यासावर झोके घेतो, त्यामुळे समोरासमोरची घरं, म्हणजे गठ्ठ्यांसमोरच्या जागा, एकच झोका दाखवतात. ताण असमान असला की आडव्या आणि उभ्या व्यासाचे झोके वेगळे पडतात आणि तबला लहरतो. इथे ३ आणि ७ च्या घरांवर गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) वरून ठोकायचा. दोन्हीकडे सारखं. एका बाजूला दोनदा आणि समोर शून्य, असं नाही. तूट ५ हर्ट्झची दिसते म्हणून एकदम ५ भरून काढू नका. अर्धी भरा आणि आठही घरं पुन्हा मोजा, कारण ३-७ ओढलं की १-५ सुद्धा थोडं चढतं.

समोरासमोरची घरं, समजा १ आणि ५, वेगवेगळी वाचली गेली तर हातोडी खाली ठेवा. बहुतेक वेळा दोष हाताचा असतो, म्हणजे अनामिका एकदा शाईच्या आत आणि एकदा लवेवर (शाई आणि चाटेमधल्या कातड्यावर) पडलेली असते. हात नीट ठेवूनही फरक राहिला, तर शाई मध्यावरून सरकलेली आहे का, एखाद्या बाजूला टवका उडालाय का, चाट लवेवरून सुटलीय का, ते बघा. हे दोष गजरा ठोकून जात नाहीत. उलट ठोकत राहिलात तर गजरा वाकडा बसतो.

कुठे थांबायचं? आठही घरं एकमेकांच्या १ हर्ट्झच्या आत आली की पुरे. दोन स्वरांत १ हर्ट्झचा फरक असेल तर एक लहर पूर्ण व्हायला एक सेकंद लागतो, आणि तोवर 'ना' विरून गेलेला असतो. याहून बारीक करण्यात वेळ घालवू नका. आलेखात सा च्या जागी दोन सुटी शिखरं दिसत नाहीत म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. ०.३७ सेकंदाच्या तुकड्यात ५-६ हर्ट्झहून जवळची शिखरं एकात मिसळून एकच जाड शिखर दिसतं. म्हणून आठ घरांचं वाचन टाळता येत नाही.

घरं सारखी झाली की मगच स्वर. आता सगळा तबला सारखाच चढवायचा. फरक २०-३० सेंटहून जास्त असेल तर गठ्ठे, कमी असेल तर गजरा. गठ्ठे १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ अशा समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी एकेक ठोका. उतरवायचा असेल तर गजऱ्याला खालून वर ठोका. हातोडी चाटेला लागता कामा नये. गठ्ठे पार खाली गेले तरी स्वर येत नसेल, तर वादी सैल पडली आहे. ती ओढून घ्या, गठ्ठ्याखाली चिंध्या किंवा पुठ्ठा कोंबून भागवू नका. साधारण साडेपाच इंचाची पुडी काळी एकला सुखाने बसते. तीच काळी दोनपर्यंत ताणली तर लवेचा गोडवा जातो, आणि कोरड्या हवेत ती एखाद्या रात्री आपोआप फाटते.

हवेचा विषय आपल्या भागात टाळता येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पावसाळा आणि अथणी-रायबागकडचा उन्हाळा एकाच जिल्ह्यात आहेत. ओल धरलेलं कातडं सैलावतं आणि स्वर उतरतो. कोरड्या हवेत ते आवळतं आणि स्वर चढतो. खानापुरात ठोकून ठोकून वर आणलेला तबला अथणीला नेला, तर तिथे तो आपणहून चढतो आणि आधीच ताणलेली पुडी धोक्यात येते. अशा प्रवासाआधी गठ्ठे थोडे उतरवून न्या. कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर तबला पिशवीतून काढून अर्धा-पाऊण तास उघडा ठेवा, मग मोजा. आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या अभंगातच हलणार. मंचावरच्या हॅलोजनखाली स्वर चढतो, म्हणून शेवटची मोजणी दिवे लागल्यावर करा. तुमचा तबला दर दोन-तीन अभंगांना उतरतो, त्यात ओल आणि हाताचा घाम दोन्ही असतात. तळहात कोरडे करायला कापड जवळ ठेवा आणि टाल्कम पावडर जपून वापरा, ती शाईच्या भेगांत बसते. केस वाळवायच्या यंत्राने पुडी शेकणं मात्र अजिबात नको. कातडं तापून स्वर चढतो खरा, पण शाई आणि कातडं वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि शाईचे टवके उडतात.

आता पखवाज. इथे दोन्ही पुड्या एकाच वादीने बांधलेल्या असतात. एक बाजू हलवली की दुसरी हलते. म्हणून आधी शाईची बाजू पूर्ण लावा, आठ घरांची तीच रीत. मग धुमाला कणीक. धुम लावल्यावर शाईकडे पुन्हा हातोडी चालवलीत, तर कणकेचा हिशेब पहिल्यापासून.

कणीक पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळा. मीठ-तेल नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि ३०-४० ग्रॅमपासून सुरुवात करा. आधी पुडीच्या मध्यावर ओल्या बोटांनी पाण्याचा हात फिरवा, मग कणीक गोल थापा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. उघड्या पंजाने ठोका द्या आणि सगळ्यात खालचं शिखर पाहा. इथे पहिलाच आंशिक धरायचा, तबल्यासारखा दुसरा नाही. बहुतेक भजनी मंडळांत धुम शाईच्या सा च्या खालच्या सा ला ठेवतात, म्हणजे शाई २७७ ला असेल तर धुम १३८-१३९ ला. दर वेळी ५ ग्रॅम वाढवा आणि किती हर्ट्झ उतरलं ते लिहा. दोन-तीन वाचनांत तुमच्या पखवाजाचं गणित हाती येतं आणि पुढच्या वेळी थेट तेवढीच कणीक तोलून लावता येते. जास्त झाली तर आवाज 'धप्प' येतो, नाद राहत नाही. आलेखात शिखर बुटकं आणि रुंद होतं. १०० हर्ट्झच्या खाली बऱ्याच फोनचे माइक कमकुवत असतात, म्हणून खालच्या पट्टीच्या पखवाजासाठी फोन १०-१५ सेंटिमीटरवर आणा.

भजन रंगलं की कणीक सुकते, तिचं वजन घटतं आणि धुम चढू लागतो. मध्यंतरात ओलं बोट फिरवा. नवी कणीक थापायची घाई करू नका. कार्यक्रम संपला की कणीक काढून पुडी ओल्या फडक्याने पुसा. रात्रभर राहिली तर ती दगड होते, कातड्याला चिरा पाडते आणि उंदरांना आमंत्रण देते. दिंडीत पावसात वाजवताना मोजणीचा नाद सोडा. प्लॅस्टिकखाली झाकलेल्या पखवाजाचा आकडा पाच मिनिटांनी खोटा ठरतो. डग्ग्याचंही तसंच, त्याची शाई मुद्दाम कडेला सरकवलेली असते आणि मनगटाच्या दाबाने स्वर फिरतो, त्याला एका आकड्यात बांधण्यात अर्थ नाही.

शेवटी पुडीचं आयुष्य ओळखण्याची रीत, कारण हातोडीने सुटत नाही तो दोष इथे सापडतो. नवी पुडी बसवून आठवडाभर वाजवली की 'ना' चा दुसरा आणि तिसरा आंशिक लिहून ठेवा आणि तिसऱ्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १.५ च्या जवळ हवं : २७७ ला ४१५ किंवा ४१६. दर दोन महिन्यांनी हाच भागाकार करा. शाई झिजली, टवके उडाले की मधलं वजन घटतं आणि पुडी नुसत्या कातड्याच्या स्वभावाकडे परत जाऊ लागते. नुसत्या कातड्यात हे गुणोत्तर १.३४ असतं. म्हणून १.४७, १.४६ असं खाली घसरताना दिसलं, किंवा ४१५ च्या जागी दोन वेगळी शिखरं उभी राहिली, तर सा कितीही अचूक लावलात तरी तबला पेटीशी भांडत राहील. उलट १.५ च्या बरंच वर असेल तर शाई जड झाली आहे, आणि हे नव्या पुडीतच दिसतं. पुडी बनवणाऱ्याकडे जाताना गुणोत्तराचा कागद नेऊ नका. तबला न्या, 'ना' वाजवून दाखवा आणि 'शाई हलकी पडली आहे' किंवा 'जड झाली आहे' एवढं सांगा. जड असेल तर दगडाने घासून तो ती तिथल्या तिथे उतरवेल. हलकी असेल तर नवी पुडी घ्यावी लागेल.